ताऱ्यांचे दीर्घ आवर्तन आणि निरीक्षणाचे सातत्य : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

आकाशातील तारे स्थिर व अपरिवर्तनीय आहेत ही समजूत मानवाने दीर्घकाळ बाळगली. ग्रह फिरतात, चंद्राच्या कला बदलतात, धूमकेतू येतात व जातात. तारे मात्र जसेच्या तसे राहतात, असे पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा दोन्ही परंपरांमध्ये गृहीत धरले गेले. ज्यांची दीप्ती कमी-अधिक होते अशा ताऱ्यांना मराठीत 'रूपविकारी तारे' म्हणतात. या ताऱ्यांच्या शोधाने वरील समजुतीला धक्का दिला. त्यांपैकी काही तारे ठराविक कालाने फुगतात व आकुंचन पावतात; ते स्पंदनशील तारे होत. या स्पंदनाचे कारण विसाव्या शतकात बऱ्याच अंशी उलगडले. परंतु त्यांतील कित्येक ताऱ्यांमध्ये नेहमीच्या स्पंदनापेक्षा कितीतरी पट लांब असे दुसरे आवर्तनही आढळते. हे दुसरे आवर्तन कशामुळे होते, या प्रश्नाचे पूर्ण समाधान अद्याप झालेले नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा इतिहास थोडक्यात मांडला आहे. या इतिहासातील निर्णायक टप्पे मोठ्या दुर्बिणींइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पिढ्यान्‌पिढ्या टिकवलेल्या नोंदींवर आधारलेले आहेत, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य उद्देश आहे. हा मुद्दा मान्य केला तर चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांतील महाविद्यालयांपुढे एक व्यवहार्य कार्य उभे राहते. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

१. अकरा महिन्यांचे चक्र आणि एकाहत्तर वर्षे :

ऑगस्ट १५९६ मध्ये डेव्हिड फाब्रिसियस या धर्मोपदेशकास तिमिंगल तारकासमूहात एक तारा दिसला. काही आठवड्यांनी तो मंदावला आणि दिसेनासा झाला. पुढे १६०९ मध्ये फाब्रिसियसला तो पुन्हा दिसला, तरी त्याच्या नियमित आवर्तनाची कल्पना त्याला आली नाही. १६३८ मध्ये होलवार्डा याने हा तारा पुन्हा पाहिला आणि तो वारंवार उगवून मावळल्यासारखा वागतो हे ध्यानात आणून दिले. १६६७ मध्ये बुयो याने त्याचा आवर्तकाल सुमारे ३३३ दिवस ठरविला. हाच 'मायरा' तारा होय.

एवढ्या इतिहासातूनही एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या चक्रास एक वर्षदेखील लागत नाही, ते निश्चित होण्यास १५९६ पासून १६६७ पर्यंत एकाहत्तर वर्षे लागली. तारा साध्या डोळ्यांनी दिसण्याजोगा होता. उणीव होती ती एका निरीक्षकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीशी जोडणाऱ्या व्यवस्थेची. याउलट १७८४ मध्ये जॉन गुडरिक या तरुण कर्णबधिर निरीक्षकाने वृषपर्वा समूहातील डेल्टा ताऱ्याचे सुमारे पाच दिवस नऊ तासांचे आवर्तन एकट्याने निश्चित केले, कारण ते चक्र एका माणसाच्या चिकाटीच्या आवाक्यात होते.

२. स्पंदनाची कारणमीमांसा :

ताऱ्याची दीप्ती बदलते म्हणजे दुसरा तारा त्याला झाकतो, अशी प्रारंभीची कल्पना होती. काही जोडताऱ्यांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु १९१४ मध्ये हार्लो शॅप्ली याने वृषपर्वा प्रकारच्या ताऱ्यांना ही उपपत्ती लागू पडत नाही असे दाखवून स्पंदनाची कल्पना पुढे मांडली आणि आर्थर एडिंग्टन याने तिला गणिती आधार दिला. ताऱ्याच्या अंतर्भागात एखादी झडप असावी, आकुंचनाच्या वेळी तिने उष्णता अडवावी आणि प्रसरणाच्या वेळी सोडावी, असे एडिंग्टनचे प्रतिपादन होते. ही झडप कोणती, हे १९५० नंतरच्या दशकात झेव्हाकिन व अन्य संशोधकांच्या कार्याने स्पष्ट झाले. ताऱ्याच्या बाह्य भागातील हेलियमच्या थरात आकुंचनाबरोबर आयनीकरण वाढते, थर अधिक अपारदर्शक होतो आणि आतून येणारी उष्णता कोंडली जाते. त्या दाबाने तारा प्रसरण पावतो, थर पुन्हा पारदर्शक होतो, उष्णता निसटते व तारा आकुंचन पावू लागतो.

या उपपत्तीतून एक महत्त्वाची मर्यादा निष्पन्न होते. ताऱ्याच्या स्पंदनाचा काल त्याच्या सरासरी घनतेवर अवलंबून असतो. घन तारा जलद स्पंदतो, विरळ तारा सावकाश. तंबोऱ्याच्या तारेला जसा एक मूळ स्वर असतो व त्याखालचा स्वर ती तार देऊ शकत नाही, तसा प्रत्येक ताऱ्याला एक मूलभूत स्पंदनकाल असतो. संपूर्ण ताऱ्याच्या फुगण्या-आकसण्याने त्याहून लांब आवर्तन निर्माण होऊ शकत नाही. म्हणूनच मूलभूत कालापेक्षा लांब आवर्तन दिसले की प्रचलित स्पष्टीकरण अपुरे पडते.

३. दीर्घ आवर्तनाचे दोन प्रकार :

असे लांब आवर्तन दोन भिन्न प्रकारच्या ताऱ्यांत आढळते आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिला प्रकार आर. आर. लायरी वर्गातील ताऱ्यांचा. हे वयाने जुने तारे असून साधारणतः अर्ध्या दिवसाच्या आसपास त्यांचे एक स्पंदन पूर्ण होते. १९०७ मध्ये सेर्गेई ब्लाझको या रशियन ज्योतिर्विदाने कालेय समूहातील आर. डब्ल्यू. ड्रॅकोनिस या ताऱ्याच्या महत्तम दीप्तीची वेळ नियमाने पुढे-मागे सरकते असे नोंदविले. पुढे १९१६ मध्ये शॅप्लीने खुद्द आर. आर. लायरी या ताऱ्यातही हाच प्रकार दाखविला. हा तारा सुमारे साडेतेरा तासांत एक स्पंदन पूर्ण करतो. परंतु त्या स्पंदनाची उंची व आकार सुमारे चाळीस दिवसांच्या चक्राने बदलतात. यास 'ब्लाझको परिणाम' म्हणतात. चुंबकीय क्षेत्र, ताऱ्याचे परिभ्रमण, निरनिराळ्या स्पंदनांमधील अनुस्पंदन अशा अनेक उपपत्ती यासाठी सुचविल्या गेल्या. २०१० मध्ये केप्लर अवकाश दुर्बिणीच्या अखंड निरीक्षणांतून अशा काही ताऱ्यांत एकाआड एक स्पंदने लहान-मोठी होतात असे दिसले आणि अनुस्पंदनाच्या उपपत्तीला बळ मिळाले. तथापि शतकाहून अधिक काळ लोटूनही या परिणामावर सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही.

दुसरा प्रकार तांबड्या राक्षसी व महाराक्षसी ताऱ्यांचा. यांचे मूळ स्पंदनच कित्येक आठवड्यांचे वा महिन्यांचे असते. त्यावर त्याच्या साधारण पाच ते पंधरा पट लांब असे दुसरे आवर्तन आढळते. त्यास 'दीर्घ द्वितीयक आवर्तकाल' म्हणता येईल. सिसिलिया पेन-गापोश्किन यांनी १९५४ मध्ये अशा ताऱ्यांकडे लक्ष वेधले. १९९९ मध्ये पीटर वुड व सहकाऱ्यांनी मोठ्या मॅजेलनी मेघातील ताऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या मोठ्या संख्येत हे आवर्तन आहे आणि ते ताऱ्याच्या दीप्तीशी नियमबद्ध संबंध राखते, असे स्पष्ट झाले. म्हणजे हा एखाद्या विक्षिप्त ताऱ्याचा स्वभाव नसून ताऱ्यांच्या जीवनक्रमातील एक व्यापक अवस्था आहे.

याच्या स्पष्टीकरणासाठी मुख्यतः दोन मते पुढे आली. एका मतानुसार ताऱ्याच्या बाह्य आवरणातील अभिसरणामुळे संथ, विषम असे आंदोलन निर्माण होते. दुसऱ्या मतानुसार ताऱ्याभोवती एक अदृश्य लहान सोबती फिरत असतो आणि त्याच्या मागे ओढल्या जाणाऱ्या धुळीच्या ढगामुळे ताऱ्याचा प्रकाश ठराविक कालाने झाकला जातो. २०२१ मध्ये सोशिन्स्की व सहकाऱ्यांनी अवरक्त किरणांतील नोंदी पडताळल्या. दृश्य प्रकाशात एका चक्रात एकदाच घट दिसते, परंतु अवरक्तात अनेक ताऱ्यांच्या बाबतीत दुसरी लहान घटही दिसते. धुळीचा ढग ताऱ्याच्या मागे गेल्यावर त्याचा स्वतःचा अवरक्त प्रकाश झाकला जातो, असा त्याचा अर्थ लावता येतो. यामुळे सोबत्याच्या मताचे पारडे जड झाले.

४. काक्षी : शंभर वर्षांच्या नोंदींचे फलित :

या दुसऱ्या प्रकाराचे आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे मृग नक्षत्राजवळचा तांबूस तारा 'काक्षी'. पाश्चात्त्य ज्योतिषात यास बेटेलज्यूज म्हणतात, आणि आर्द्रा नक्षत्राची योगतारा सामान्यतः हीच मानली जाते. सूर्य आर्द्रा नक्षत्रात येतो तो जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. झाडीपट्टीतील शेतकरी तेव्हा धानाचे पऱ्हे टाकण्याच्या कामात असतो. म्हणजे ज्या ताऱ्याचे नाव शेतकऱ्याच्या तोंडी पावसाच्या निमित्ताने येते, तोच तारा त्या दिवसांत सूर्याच्या सान्निध्यामुळे दिसत नाही.

काक्षीची दीप्ती बदलते हे जॉन हर्शेल यांनी १८३६ पासूनच्या निरीक्षणांतून ओळखले व १८४० मध्ये प्रसिद्ध केले. १९२८ मध्ये हॅरल्ड स्पेन्सर जोन्स यांनी वर्णपटावरून या ताऱ्याचा दृष्टिरेषेतील वेग अभ्यासून ५.७८ वर्षांचे आवर्तन दाखविले. सुमारे ४०० दिवसांचे स्पंदन आणि त्यावर सुमारे २१०० दिवसांचे दीर्घ आवर्तन असे या ताऱ्याचे दुहेरी वर्तन पुढील नोंदींतून दृढ झाले.

२०१९ च्या अखेरीस काक्षी एकाएकी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची दीप्ती नेहमीच्या निम्म्याहूनही कमी झाली. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ बनून तिने प्रकाश अडविला, हे त्याचे आज सर्वाधिक स्वीकारले जाणारे स्पष्टीकरण आहे. या घटनेने ताऱ्याच्या जुन्या नोंदींकडे संशोधकांचे लक्ष पुन्हा वळले. २०२३ मध्ये सायो व सहकाऱ्यांनी असे मांडले की, काक्षीची त्रिज्या समजली जाते त्याहून मोठी असून दीर्घ आवर्तन हेच त्याचे मूलभूत स्पंदन आहे. २०२४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी याच्या विरुद्ध निष्कर्ष काढला : ४०० दिवसांचे आवर्तन हेच मूलभूत असून दीर्घ आवर्तन लहान सोबत्यामुळे आहे. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो शंभर वर्षांहून अधिक काळातील वेग व दीप्तीच्या नोंदींचा. त्यांच्या गणितानुसार डिसेंबर २०२४ च्या प्रारंभी हा सोबती ताऱ्यापासून सर्वाधिक दूर दिसावयास हवा होता. त्याच सुमारास हवाईमधील जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने स्टीव्ह हॉवेल व सहकाऱ्यांनी निरीक्षण केले आणि अपेक्षित स्थानाजवळ सुमारे सहा प्रतींनी मंद असा सोबती दिसल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. या निरीक्षणाची सांख्यिकी निश्चिती कमी होती. त्यामुळे पुढील पडताळणी आवश्यक आहे. त्यासाठी पुन्हा अनुकूल स्थिती नोव्हेंबर २०२७ मध्ये अपेक्षित आहे.

येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, आठ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने केव्हा व कोठे पाहावे हे एका शतकापूर्वीच्या निरीक्षकांच्या नोंदींनी सांगितले. त्या निरीक्षकांपैकी बहुतेकांना आपल्या नोंदींचा असा उपयोग होईल याची कल्पनाही नसावी.

५. भारतातील निरीक्षण : खंड आणि सातत्य :

या दृष्टीने आपल्याकडील इतिहास पाहिला तर दोन परस्परविरोधी उदाहरणे समोर येतात.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला हे तिचे चालक होते. वीस इंची परावर्तक दुर्बीण तेथे होती. त्या काळी भारतातील हे एक मोठे साधन होते. परंतु १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात येऊन तिची उपकरणे कोडाईकनाल येथे पाठविण्यात आली. संस्था एका व्यक्तीच्या कर्तृत्वावर उभी होती. व्यक्तीबरोबर तीही संपली. महाविद्यालयीन संस्थांनी यापासून घ्यावयाचा बोध वेगळा सांगण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण राधा गोविंद चंद्र यांचे. आजच्या बांगलादेशातील जेसोरजवळच्या बागचर येथे १८७८ मध्ये जन्मलेले चंद्र मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण होऊ शकले नव्हते. सरकारी कोषागारातील साधी नोकरी सांभाळून त्यांनी तीन इंची दुर्बिणीने रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेण्यास आरंभ केला. १९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रूपविकारी तारा निरीक्षक संघटनेकडे ते आपल्या नोंदी नियमाने पाठवीत. त्यांच्या कामाची दखल घेऊन त्या संघटनेमार्फत १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण मिळाली. १९५४ पर्यंत त्यांनी ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे कळविली. फाळणीनंतर त्यांना गाव सोडावे लागले, तरी नोंदींचा क्रम त्यांनी पुन्हा सुरू केला. त्यांची दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. चंद्र यांच्या नोंदी आजही त्या संघटनेच्या संग्रहात आहेत, कारण त्या स्वीकारणारी व जपणारी संस्था त्यांच्या पश्चातही टिकून राहिली.

महाराष्ट्रात १९४४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने हौशी निरीक्षणाची परंपरा जिवंत ठेवली. विदर्भातही आकाशदर्शनाचे उपक्रम होतात. परंतु त्यांचे स्वरूप बहुधा ग्रहण, उल्कावर्षाव वा धूमकेतू अशा प्रसंगांपुरते राहते. दीर्घ आवर्तनाचा अभ्यास प्रसंगांवर चालत नाही.

६. वनप्रदेशातील आकाशज्ञान :

चंद्रपूर-गडचिरोली परिसरात आकाशनिरीक्षणाची स्वतंत्र व जुनी परंपरा आहे, याचा पुरावा अलीकडील संशोधनातून पुढे आला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, तत्कालीन आंध्र प्रदेश व मध्य प्रदेशातील सुमारे पंधरा गोंड गावांत पाहणी करून २०१३ मध्ये गोंडांच्या ज्योतिर्ज्ञानावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे कोलाम, बंजारा, कोरकू व निहाल समाजांसंबंधीही असे अभ्यास झाले. सप्तर्षींच्या चौकोनात खाट पाहणारी आणि मृगाच्या ताऱ्यांत शेतीचे अवजार पाहणारी ही दृष्टी पंचांगातील नक्षत्रांहून वेगळी आहे. ती शेती, ऋतू व घरसंसार यांच्याशी निगडित आहे.

सदर पाहणीचा भर ताऱ्यांची ओळख, नावे व कथा यांवर होता. ताऱ्यांची दीप्ती बदलते याची जाणीव मौखिक परंपरेत असते काय, हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो काल्पनिक नाही. ऑस्ट्रेलियातील ग्रेट व्हिक्टोरिया वाळवंटातील आदिवासींची एक कथा डेझी बेट्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहून घेतली होती. तीत न्यीरुना नावाचा शिकारी म्हणजे मृगाची आकृती. कृत्तिकेतील बहिणींना गाठण्यासाठी त्याच्या हातात अग्नीची शक्ती भरते, विझते आणि पुन्हा भरते. तो हात म्हणजे काक्षी तारा. ड्युएन हमाकर यांनी २०१८ मध्ये अशा परंपरांचे विश्लेषण करून त्यांत काक्षीच्या रूपविकाराची जाण आहे असे प्रतिपादन केले. हर्शेलच्या निरीक्षणाशी संबंध नसलेल्या समाजाने तीच गोष्ट कथेत जपली होती.

गोंडी व माडिया भाषा जाणणारे विद्यार्थी आज आपल्या वर्गात आहेत. त्यांच्या आजोबा-आजींना हा प्रश्न त्यांच्याच भाषेत विचारता येईल. मात्र उत्तर आपणच सुचवू नये, याची दक्षता घ्यावी लागेल. 'हा तारा कधी मंद होतो काय?' असे विचारण्याऐवजी त्या ताऱ्याविषयी जे सांगितले जाते ते सर्व मूळ शब्दांत टिपून घेणे हीच योग्य पद्धती होय.

७. आपल्या महाविद्यालयांपुढील कार्य :

गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांत आकाश अद्याप अंधारे आहे. चंद्रपुरात मात्र औष्णिक वीजकेंद्र, कोळसाखाणी व वाढती शहरे यांमुळे ही स्थिती पालटली आहे. अंधाऱ्या आकाशाचे मोल आता मान्य होऊ लागले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. ताडोबा-अंधारी परिसर व गडचिरोलीची वने यांबाबतही असा विचार होणे उचित ठरेल.

काक्षीच्या निरीक्षणास दुर्बिणीची गरज नाही. चंद्रपूरच्या सुमारे वीस अंश अक्षांशावरून हा तारा मध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो. प्रश्वा व रोहिणी या ताऱ्यांच्या प्रती स्थिर मानता येण्याजोग्या व ज्ञात आहेत. त्यांच्याशी तुलना करून काक्षीची दीप्ती अंदाजिता येते. तुलनेचे तारे शक्यतो सारख्याच उंचीवर असावेत आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये, कारण त्यामुळे तो आहे त्याहून तेजस्वी भासतो. ऑगस्टपासून पहाटे आणि मेच्या प्रारंभापर्यंत सायंकाळी तो दिसतो. आठवड्यातून एक नोंद पुरेशी आहे. सूर्यसान्निध्यामुळे पडणारा खंड पावसाळ्याच्या प्रारंभाशी बराचसा जुळतो, त्यामुळे पावसाने होणारी हानी या ताऱ्याच्या बाबतीत तुलनेने कमी आहे.

खरी अडचण वेगळी आहे. काक्षीचे एक दीर्घ आवर्तन पूर्ण होण्यास पावणेसहा वर्षांच्या आसपास काल लागतो आणि पदवीचा अभ्यासक्रम तीन वा चार वर्षांचा असतो. म्हणजे कोणताही विद्यार्थी आपल्या महाविद्यालयीन काळात हे चक्र पूर्ण पाहू शकणार नाही. प्राध्यापकाचीही बदली होते, निवृत्ती येते. म्हणून नोंदवही व्यक्तीच्या नव्हे, ग्रंथालयाच्या ताब्यात असावी. तिचा नमुना ठरलेला असावा. प्रत्येक वर्षी जुन्या निरीक्षकांनी नव्यांना किमान एक सत्र सोबत घेऊन शिकवावे. आणि नोंदींची प्रत आंतरराष्ट्रीय संग्रहाकडे नियमाने जावी. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांनी मिळून असा उपक्रम हाती घेतल्यास एका ठिकाणी ढग असताना दुसऱ्या ठिकाणची नोंद उपयोगी पडेल. भौतिकशास्त्र, इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांना एकत्र काम करण्याचीही ही संधी आहे.

निष्कर्ष :

१. स्पंदनशील ताऱ्यांतील दीर्घ आवर्तन मूलभूत स्पंदनाने स्पष्ट होत नाही. आर. आर. लायरी ताऱ्यांतील ब्लाझको परिणाम अद्याप अनिर्णीत आहे. तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या बाबतीत सोबती व धूळ यांचे मत आज प्रबळ आहे.

२. मायरापासून काक्षीपर्यंतचा इतिहास असे दाखवितो की, दीर्घ आवर्तनाचा उलगडा नोंदींच्या सातत्यावर अवलंबून असतो. पुण्याची वेधशाळा आणि राधा गोविंद चंद्र यांची उदाहरणे या सातत्याच्या दोन बाजू दर्शवितात.

३. चंद्रपूर-गडचिरोली प्रदेशात अंधारे आकाश व आदिवासी समाजाचे आकाशज्ञान हे दोन्ही उपलब्ध आहेत. दोन्ही वेगाने क्षीण होत आहेत. एक दिव्यांच्या झगमगाटात हरवत आहे, तर दुसरे वृद्धांबरोबर लोप पावत आहे.

४. नोव्हेंबर २०२७ मध्ये जगभरच्या दुर्बिणी काक्षीकडे वळतील, तेव्हा त्या वेळच्या व त्यापूर्वीच्या दीप्तीच्या नोंदी आवश्यक असतील. आपल्या महाविद्यालयांनी आज आरंभ केला तर त्या नोंदींत या वनप्रदेशाचाही वाटा राहील. त्या नोंदी करणारे विद्यार्थी तोवर बाहेर पडलेले असतील. नोंदवही मात्र पुढील विद्यार्थ्यांच्या हाती असली पाहिजे.